कोडचा मेगाब्लॉक

मध्य रेल्वेने रविवारचा मेगाब्लॉक जाहीर केला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत घराघरांत चिडचिड सुरू होते. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, नुसतेच शिवाजी पार्कला फिरायला निघालेले, सगळेच वैतागतात. रेल्वेचाही इलाज नसतो. तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावत असताना रूळ बदलता येत नाही आणि ओव्हरहेड वायरला हात लावता येत नाही. डब्यातला केर काढणं, दिवे-पंखे बघणं ही कामं दोन फेऱ्यांच्या मधे उरकतात. रुळाच्या कामाला मात्र सलग चार-पाच तास लागतात. अर्धा तास सोमवारी, अर्धा तास मंगळवारी असे दहा तुकडे जोडून ते होत नाही.

कॉलेज आणि नोकरी सांभाळून वेबसाइट किंवा मोबाइल ॲप बनवायला शिकणाऱ्यांचं गणित याहून वेगळं नाही. या शिक्षणातली बरीच कामं दोन फेऱ्यांच्या मधे होण्यासारखी असतात आणि काहींना मेगाब्लॉकच लागतो. कोणतं काम कुठल्या खात्यातलं, हे ज्याला उमगलं तो आठवड्याला सात-आठ तासांतही पुढे सरकतो. ज्याला उमगलं नाही तो रोज रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडतो, काल कुठे थांबलो होतो ते वीस मिनिटं आठवत बसतो आणि तिथेच पेंगतो. वेळ कमी आहे ही तक्रार खरीच आहे, पण हातात असलेला वेळ भलत्या कामाला लावला जातो हे दुखणं मला त्याहून मोठं वाटतं.

ठाणे-कल्याण पट्ट्यातला दिवस कसा जातो ते आधी पाहू. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या बऱ्याच कॉलेजांत सकाळचं सत्र असतं. सातला वर्ग भरतात, दुपारी सुटतात. तिथून मुलं-मुली कामावर जातात: मोबाइलच्या दुकानात, सीएच्या ऑफिसात टॅलीवर नोंदी करायला, वागळे इस्टेटमधल्या किंवा ऐरोलीच्या कॉल सेंटरात, कुणी डिलिव्हरीला. काही जण पूर्ण वेळ नोकरी धरून बाहेरून पदवी करतात. घरी परतेपर्यंत नऊ वाजतात. घर वन-बीएचके असतं, टीव्ही चालू असतो आणि टेबल म्हणाल तर ते जेवणाचंच असतं.

मग वेळ वाचवण्याचा सल्ला देणारे म्हणतात, लोकलमध्ये अभ्यास करा. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, कल्याणहून ५४; म्हणजे मुंबईत कामाला जाणाऱ्याचे जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीतच जातात. हिशेब कागदावर छान दिसतो. पण सकाळी आठची फास्ट ज्याने कल्याणहून पकडली आहे त्याला विचारा, तिथे हात वर करून मोबाइल धरणंही मुश्कील. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले आणि काहींचा जीव गेला, हे या भागात कुणी विसरलेलं नाही. दारात उभं राहून कोड वाचू नका. तिथे फक्त कडी धरायची असते.

तरीही गाडीतला सगळा वेळ वाया जातो असं नाही. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळतं. दुपारची शिफ्ट असलेल्यांना गर्दीच्या उलट दिशेची गाडी मिळते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जाणाऱ्याला थोडी मिनिटं का होईना, सुटी मिळतात. प्रश्न आहे तो या वेळात काय करायचं याचा, आणि तिथे बहुतेक जण चुकतात. गाडीत ते व्हिडिओ बघतात. समोरचा माणूस भराभर टाइप करतो, सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि रात्री कोरी फाइल उघडली की बोट हलत नाही.

यामागचं कारण शिकण्याच्या मानसशास्त्राने नीट दाखवलं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. कोडलाही हेच लागू आहे. काल रात्री लिहिलेलं फंक्शन आज गाडीत डोळे मिटून मनात उभं करा: आत काय येतं, बाहेर काय जातं, मधे कुठे फसेल. जमलं नाही तर मोबाइलवर उघडून बघा. वही काढता आली तर वहीत लिहा. कागदावर लिहिलेला कोड चालत नाही, हाच त्याचा फायदा, कारण तो चालवून बघायची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते.

व्हिडिओच बघायचे तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्प बघावा. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प दहा-दहा मिनिटांचे धडे देतो. एचटीएमएल, पीएचपी, पायथन, जावा असे विषय आहेत आणि बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात. ते धडे थांबवत-थांबवत, शेजारी स्वतः करून बघण्यासाठी बांधलेले आहेत, म्हणून ते गाडीत ऐकून पुरे होत नाहीत. गाडीत एकदा ऐका, रात्री करून बघा. घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

मेगाब्लॉकच्या खात्यात काय जातं? नवीन प्रकल्पाची पहिली मांडणी, डेटाबेसचा आराखडा, आणि मुख्य म्हणजे न सापडणारी चूक शोधणं. या तिन्हींमध्ये डोक्यात एकाच वेळी सहा-सात गोष्टी धरून ठेवाव्या लागतात. आईने दूध आणायला पाठवलं की त्या सांडतात आणि परत गोळा करायला अर्धा तास जातो. म्हणून आठवड्यातून एकदा तीन-चार सलग तास मिळवणं हे रोजच्या एका तासापेक्षा मोलाचं आहे. घरी जागा नसेल तर अभ्यासिका आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. या गावांना वाचायला बसण्याची सवय जुनी आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं जिथे दहा-दहा तास बसतात तिथे लॅपटॉप घेऊन रविवारी चार तास बसायला कुणी हरकत घेत नाही. फक्त चार्जिंगच्या प्लगजवळची खुर्ची लवकर जाऊन धरावी लागते.

काम करून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची ओळख झाली. पण एक फरक आहे. रयतच्या वसतिगृहातला मुलगा संस्थेच्याच शेतावर, संस्थेच्याच वेळापत्रकात राबायचा, काम आणि शाळा एकमेकांना ओळखत होती. आजच्या मुलाचा मॅनेजर त्याच्या परीक्षेचं वेळापत्रक ओळखत नाही आणि त्याचे प्राध्यापक त्याची शिफ्ट ओळखत नाहीत. दोघांच्या मधला सांधा त्याचा त्यालाच जोडावा लागतो.

आता काय बनवायचं, हा प्रश्न. सगळे अभ्यासक्रम तीच तीन खेळणी बनवायला लावतात: कॅल्क्युलेटर, कामांची यादी, हवामानाचं ॲप. हात बसेपर्यंत ठीक. त्यानंतर मात्र आपल्या आसपासच्या माणसाला खरोखर लागणारी वस्तू हाती घ्यावी.

याचा सगळ्यात जवळचा नमुना तुमच्या खिशातच असेल. सचिन टेके यांनी २००८ साली एम-इंडिकेटर आणलं तेव्हा बहुतेकांकडे बटणांचे फोन होते. इंटरनेट महाग आणि धिमं, फोनमधली जागा तुटपुंजी. अशा फोनवर जावाच्या छोट्या आवृत्तीत हे ॲप चालायचं आणि लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवायचं. दोन स्थानकांच्या मधे नेटवर्क गेलं तरी पुढची गाडी कधी ते दिसायचं. आज आपण याला ‘ऑफलाइन-फर्स्ट’ असं भारदस्त नाव देतो. तेव्हा ती नड होती, आणि ती नड रोज लोकलने जाणाऱ्या कुणालाही पुस्तक न वाचता समजत होती.

वेळापत्रक हा वरवर सोपा विषय. रकाने भरायचे आणि दाखवायचे. पण रात्रीची ११ वाजून ५० मिनिटांची गाडी आणि १२ वाजून १० मिनिटांची गाडी क्रमाने लावायला गेलात की दुसरी पहिलीच्या आधी जाऊन बसते, कारण संगणकाच्या लेखी मध्यरात्रीनंतर दिवस नव्याने सुरू होतो. यावर जगभर एक गमतीदार तोडगा रूढ आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या परिवहन संस्थेबरोबर गूगलमधल्या ख्रिस हॅरेलसन या अभियंत्याने २००५ साली सार्वजनिक वाहतुकीची माहिती नकाशावर आणली. ठरलेल्या कामाबाहेरच्या, कंपनीने मोकळ्या ठेवलेल्या वेळात केलेलं हे काम. त्यातून वेळापत्रकं साठवण्याची जी पद्धत जन्मली तिच्यात रात्री बारा दहाच्या गाडीची वेळ २४:१० अशी लिहायची मुभा आहे. घड्याळात नसलेली वेळ, पण गाड्यांचा क्रम बरोबर लागतो.

लोकलचं वेळापत्रक झालेलंच आहे, ते पुन्हा करण्यात अर्थ नाही. मी सुचवेन पोळी-भाजी केंद्र. नवरा-बायको दोघंही सकाळी गाडी पकडून जाणाऱ्या डोंबिवली-ठाण्यात पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचा हिशेब अजून वहीत आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजांत असतो. उद्या सकाळी सहा पोळ्या आणि मेथीची भाजी, जोशी वहिनी, दुसरा मजला, पैसे महिन्याला. एवढं एक वाक्य संगणकाला समजावता आलं की वेब डेव्हलपमेंटचा बराचसा पाया तयार होतो.

पहिली पायरी म्हणजे मोबाइलवर दिसणारा अर्ज: नाव, इमारत, पोळ्या किती, भाजी कोणती. हे एचटीएमएलचं काम. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडण्यासाठी जी रचना काढली, तिचाच हा पसारा. तो नीटनेटका दिसावा, बोट लावायला बटण मोठं असावं, यासाठी सीएसएस. पोळ्यांची संख्या बदलली की रक्कम लगेच बदलावी, यासाठी जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत उभी केली आणि त्या घाईचे व्रण तिच्यावर अजून आहेत.

इथपर्यंत सगळं ग्राहकाच्या फोनवर घडतं. केंद्र चालवणाऱ्या काकूंना ती ऑर्डर दिसायची तर ती कुठेतरी साठायला हवी. ते ठिकाण म्हणजे डेटाबेस, आणि फोन व डेटाबेस यांच्यामधला निरोप्या म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. नवशिक्याला वाटतं, अवघड भाग इथला कोड आहे. माझ्या मते अवघड भाग तक्ते आखण्याचा आहे. एक तक्ता ग्राहकांचा, एक पदार्थांचा, एक ऑर्डरींचा. पोळीचा भाव कुठे लिहायचा? पदार्थांच्या तक्त्यात, हे उघड दिसतं. पण गॅसचा सिलिंडर महागला, काकूंनी पोळीचा भाव वाढवला आणि तुम्ही तक्त्यातला आकडा बदललात की मागच्या महिन्याची न भरलेली सगळी बिलंसुद्धा वाढलेल्या भावाने दिसायला लागतात. जोशी वहिनी भांडायला येणार आणि त्यांचं बरोबर असणार. म्हणून ऑर्डर घेतली त्या क्षणीचा भाव ऑर्डरीबरोबरच नोंदवून ठेवायचा. हे वाण्याच्या वहीत पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे. संगणकाच्या पुस्तकात ते चौथ्या-पाचव्या प्रकरणात भेटतं, तोवर आपण चूक करून बसलेलो असतो.

पैशांचा दुसरा सापळा जावास्क्रिप्टचा. तिला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा, उत्तर ०.३ येत नाही. शेपटीला शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ येतो. दशांशातले हे आकडे संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत, म्हणून हे होतं, आणि पायथनमध्येही होतं. उपाय साधा: रुपये साठवू नका, पैसे साठवा. साडेबारा रुपये म्हणजे १२५०. पूर्णांकांची बेरीज दगा देत नाही.

आता ज्याला मेगाब्लॉक लागतो असा एक बग बघू. तुमचं ॲप चालू झालं. तुम्ही कामावरून येऊन रोज रात्री तपासता, सगळं ठीक. पण काकू म्हणतात, पहाटेच्या काही ऑर्डरी हरवतात. तुम्ही बघता तर ऑर्डरी डेटाबेसमध्ये आहेत, फक्त आदल्या दिवसाच्या तारखेत. घडतं ते असं. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि जावास्क्रिप्टचा तारीख लिहिण्याचा एक प्रचलित मार्गही तीच वेळ धरतो. आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. १२ तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आलेल्या ऑर्डरीवर ११ तारखेचे रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं असा शिक्का बसतो. साडेपाचनंतर येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरीची तारीख बरोबर असते. तुम्ही रात्री तपासता, त्यामुळे ही चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही. ती फक्त डब्याची लगबग असलेल्या वेळेलाच उगवते.

हा बग वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत सापडत नाही. हरवलेल्या ऑर्डरींची यादी करावी लागते, त्या सगळ्या साडेपाचच्या आतल्या आहेत हे लक्षात यावं लागतं, संगणकाचं घड्याळ पुढे-मागे करून चूक मुद्दाम घडवावी लागते, दुरुस्त करावी लागते आणि दुरुस्तीने दुसरं काही मोडलं नाही ना ते बघावं लागतं. मात्र ‘साडेपाचच्या आतल्याच का?’ हा प्रश्न एकदा पडला की त्याचं उत्तर दिव्याला गाडी सिग्नलवर अडकलेली असताना सुचू शकतं. शोधाचं काम टेबलावरचं, विचाराचं कुठेही.

मराठीत ॲप करणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी. ‘डोंबिवली’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात, म्हणून जावास्क्रिप्ट तिची लांबी ८ सांगते. नावाच्या चौकटीला दहा अक्षरांची मर्यादा घातलीत तर मराठी नावं मधेच तुटतात. एसएमएसचंही तसंच. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरी आला की मर्यादा ७० वर येते आणि एका मेसेजचे दोन होऊन पैसे दुप्पट लागतात. ‘आपली ऑर्डर मिळाली’ एवढंच लिहावं, शुभेच्छा देऊ नयेत.

एक इशारा. जोशी वहिनींचा फोन नंबर आणि मजला आता तुमच्याकडे आहे. २०२३ सालापासून देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी तुमचीच असती. पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये, डेटाबेसची किल्ली गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नये, ग्राहकाने चौकटीत जे लिहिलं ते तपासल्याशिवाय डेटाबेसच्या आज्ञेत जोडू नये. सराव करताना खरी नावं वापरूच नका.

वेब आधी की ॲप आधी? नोकरी करून शिकणाऱ्याने वेबच आधी शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते आणि संगणकावरच नकली फोन चालवायचा तर १६ जीबी. सेकंडहँड लॅपटॉपवर तो रांगतो. वेबसाठी साधा एडिटर आणि ब्राउझर पुरतो. ॲप प्ले स्टोअरवर टाकायला २५ डॉलर एकदा भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्ले स्टोअरवर ॲप खुलं करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या वीस होती. वेबसाइटची दर्शनी पानं गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट चढतात (सर्व्हर आणि डेटाबेसची सोय वेगळी करावी लागते) आणि तिची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच मिनिटाला जाते. ती फोनच्या पडद्यावर आयकॉन म्हणून बसवता येते आणि थोडी मेहनत घेतली तर नेटवर्क नसतानाही उघडते. पोळी-भाजी केंद्राच्या ग्राहकाला याहून जास्त काही लागत नाही. पुढे खरंच ॲप करायचं झालं तर जावास्क्रिप्ट येणाऱ्याला रिॲक्ट नेटिव्ह जवळचं, नव्याने सुरुवात करणाऱ्याला फ्लटर किंवा कोटलिन. यावर वाद घालण्यात मुलांचे जेवढे तास जातात तेवढ्यात यातलं कुठलंही एक शिकून होतं.

पदवीचं थोडक्यात. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. त्यामुळे सकाळच्या कॉलेजात बीकॉम करणाऱ्यालाही इग्नूचा बीसीए किंवा आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली ऑनलाइन पदवी जोडता येते. मद्रासच्या अभ्यासक्रमात वेब ॲप बांधण्याचे दोन स्वतंत्र विषय आहेत, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन बाहेरही पडता येतं. गणित कठीण आहे, हे प्रवेशाआधीच समजून घ्यावं. दहावीनंतर लगेच काही हवं असेल तर आयटीआयचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड अजून उपेक्षित आहे, आणि उगाच.

चॅटजीपीटीकडून कोड लिहून मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. पोळी-भाजीचा अर्ज तो मिनिटात लिहून देईल. पण भाव कुठे साठवायचा हे काकूंना विचारायला तो जाणार नाही, आणि पहाटेच्या ऑर्डरी हरवतात ही तक्रार त्याच्यापर्यंत तुम्हीच नेऊन पोचवायची आहे. त्याच्याकडून समजावून घ्या, स्वतः टाइप करा. मुलाखतीत या ओळीचा अर्थ काय असं विचारलं की नक्कल केलेला कोड लगेच ओळखू येतो.

स्टेशनबाहेर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेले क्लासचे बोर्ड असतात. वाईटच असतात असं नाही. नियमितपणा आणि सोबत विकत मिळते, काहींना तीच लागते. पण हप्त्यावर फी भरायला लावणाऱ्या, मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांशी बोलू न देणाऱ्या, करार घरी नेऊन वाचू न देणाऱ्या क्लासात पाऊल टाकू नये. शिकण्याचं साहित्य आज फुकट आहे: मोझिलाचे वेबवरचे दस्तऐवज, फ्रीकोडकॅम्प, हार्वर्डचा सीएस-फिफ्टी. कर्ज काढून विकत घ्यावं असं त्यात काही नाही.

फुकट न मिळणारी गोष्ट एकच: आपला कोड वाचून ‘हे असं का केलंस?’ विचारणारा माणूस. आणि नेमका तोच या पट्ट्यात भरपूर आहे. सकाळी ठाण्याहून ऐरोलीला, डोंबिवलीहून पवईला, कल्याणहून थेट अंधेरीला जाणारे हजारो सॉफ्टवेअर इंजिनिअर इथेच राहतात, रविवारी घरीच असतात. तुम्ही त्यांतले एक असाल तर महिन्यातला एक रविवार, दोन तास, सोसायटीच्या ऑफिसात किंवा जवळच्या वाचनालयात बसा आणि खाली फलक लावा: कोड घेऊन या, बघून देतो. वाचनालयांनीही त्यासाठी एक टेबल आणि एक प्लग द्यावा.